मंगळवारपासून आला नाही

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी आमच्या दारावर थापा पडल्या. दाराला बेल आहे, ती वाजतेही, पण घाईत असलेल्या माणसाला बेल दिसत नाही. मी हात पुसत बाहेर आले तर दारात कोपऱ्यावरच्या पबची मालकीणबाई. कमरेला ॲप्रन, पायात घरातल्या सपाता, केसांवर बुरबुर पावसाचे थेंब. "तुझा शेजारी दिसला का, बॅब?" आमच्या ब्लॅक कंट्रीत, म्हणजे इंग्लंडच्या मध्यातल्या, बर्मिंगहॅमशेजारच्या जुन्या कारखान्यांच्या पट्ट्यात, बाईमाणसाला असंच 'बॅब' म्हणतात, ओळख असो वा नसो. "मंगळवारपासून आला नाही तो." मी म्हटलं, असतील की घरात, टीव्ही तर... आणि तिथेच थांबले. टीव्हीचा आवाज शेवटचा कधी ऐकला ते आठवेना. आमचं जोडघर आहे. शेजारच्या आजोबांचा जिना आणि माझा जिना एकाच भिंतीला दोन्ही बाजूंनी टेकलेले. ते खोकले की मला कळतं, माझ्या कुकरची शिट्टी त्यांना कळते. पहिल्या वर्षी तर शिट्टी ऐकून ते बाहेर अंगणात येऊन उभे राहिले होते. एवढ्या जवळच्या माणसाची खबर मला नव्हती आणि तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बाईला होती.

आम्ही दोघी त्यांच्या दाराच्या टपालफटीतून आत डोकावलो. पायपुसण्यावर पिझ्झाच्या जाहिराती आणि गॅस कंपनीचं पाकीट. मालकीणबाईनं आत तोंड घालून त्यांना दोन-तीन शिव्या दिल्या, त्या हाका होत्या. मग परत पबमध्ये जाऊन गल्ल्याशेजारची जाड वही काढली, त्यात कुणाची मुलगी, कुणाचा भाचा, कुणाचा डॉक्टर असे सगळ्यांचे फोन लिहिलेले असतात. त्यातून आजोबांच्या बहिणीचा नंबर निघाला. स्वारी तिच्याकडेच, उत्तर वेल्समधल्या ऱ्हिलला, समुद्रावर मासे आणि चिप्स खात बसलेली. आजोबा परतले ते तणतणतच. माणसाला चार दिवस कुठं जायची सोय राहिली नाही, पोलिसांना तरी कशाला सोडलंत, वगैरे. आणि पुढचा महिनाभर हीच हकीकत ते पबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला, दर वेळी थोडी वाढवून, सांगत होते.

मला मात्र त्या थापांनी सुखानं बसू दिलं नाही.

नवरा आठवड्यातले चार दिवस कामासाठी लंडनला, मुलगी शिकायला ग्लासगोला. मी इथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यांमध्ये. मी एखाद्या मंगळवारी गेले नाही तर गैरहजेरीचा ई-मेल येईल, दुसऱ्या दिवशी आठवण येईल, तिसऱ्या दिवशी बहुतेक मनुष्यबळ विभागाचा फॉर्म येईल. दारावर कुणी सपाता घालून येईल का, हे सांगता येणार नाही. इथला हिवाळा असले विचार करायला भरपूर वेळ देतो. डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार पडतो, सोलापुरात ज्या वेळी दुपारचा चहा होतो त्या वेळी इथे दिवेलागण होऊन गेलेली असते. मग पाच वाजता पडदे ओढायचे आणि झोपेपर्यंतची संध्याकाळ एकटीनं खेचून न्यायची. रस्त्यावर माणूस दिसत नाही. समोरच्या प्रत्येक खिडकीत निळसर उजेड हलत असतो, म्हणजे प्रत्येक घरात कुणीतरी आहे, एवढीच काय ती खात्री.

पबमध्ये जायला मला बरीच वर्षं लागली. त्याचं कारण माझं बालपण. आमच्या घराच्या मागच्या गल्लीत देशी दारूचं दुकान होतं. त्याला दार होतं की नाही आठवत नाही, गोणपाटाचा पडदा होता. आत बसायला काही नसायचं. माणसं यायची, उभ्या उभ्या ग्लास रिकामा करायची, मिठाचा खडा जिभेवर ठेवायची आणि भिंतीच्या कडेकडेनं निघून जायची. कुणी कुणाशी बोलत नसे. गिरणीच्या पगाराच्या दिवशी काही बायका गेटवरच उभ्या राहत, पैसे गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत हातात पडावेत म्हणून. माझा मामा गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि मामा त्या पडद्याच्या आत जो गेला तो बाहेर आलाच नाही, म्हणजे येत असे रोज, पण तो मामा नव्हता. पन्नाशीच्या आत गेला. आईनं त्यानंतर घरात खोकल्याचं औषधसुद्धा वास घेतल्याशिवाय आणू दिलं नाही. पुढे कॉलेजात असताना परमिट रूम पाहिल्या त्या बाहेरूनच: काचेला काळी फिल्म, आत लाल दिवा, आणि 'फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था' अशी पाटी, जिच्याखाली कुठली फॅमिली कधी शिरताना दिसली नाही. १९४९चा दारूबंदी कायदा आपल्याकडे कागदावर अजून आहे, प्यायची तर परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो. लपूनछपून करायची गोष्ट सरकारी शिक्क्यानिशी करायची, असा तो मामला.

तेव्हा पहिल्यांदा त्या कोपऱ्यावरच्या दाराला हात लावला तेव्हा मी आधी आजूबाजूला पाहिलं. डडलीच्या अलीकडे, पावसात, मला कोण ओळखणार होतं? तरी पाहिलं. आत शिरताच वास आला. गालिच्याचा. लाल-तपकिरी वेलबुट्टीचा, कुठे कुठे काळा पडलेला गालिचा, त्यात किती वर्षांची सांडलेली बिअर, ओल्या कुत्र्यांची लव, शेकोटीची राख आणि व्हिनेगर मुरलंय कोण जाणे. नाकाला रुमाल लावावा असा तो वास. आणि उजेड! मला लाल अंधाराची सवय, इथे भिंतीवरचे पिवळे दिवे, खिडकीत पितळी भांडी, फळ्यावर खडूनं लिहिलेलं 'चीज-अनियन कॉब'. कॉब म्हणजे गोल कडक पाव. आत जाड किसलेलं चीज आणि कच्चा कांदा, बस्स. एक आजी लोकरीचं विणत होती. दोन बाप्ये डॉमिनो खेळत होते, सोंगट्या लाकडावर आपटल्याचा टकाटक आवाज. माझ्याकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं, मग सगळ्यांनी एकदम नजर काढून घेतली. मी लाइम-सोडा घेऊन कोपऱ्यात बसले आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. जाताना काउंटरवरून आवाज आला, "टारा अ बिट, बॅब." इकडचा निरोप, येते हं, भेटू. त्या दिवसभरात प्रयोगशाळेबाहेरच्या माणसानं माझ्याशी उच्चारलेले तेवढेच शब्द होते.

नंतर जात राहिले तसे तिथले अलिखित कायदे कळत गेले. इथे वेटर टेबलाशी येत नाही. उठून काउंटरपाशी उभं राहावं लागतं. मला आधी तो गैरसोयीचा प्रकार वाटला. पण सगळी गंमत त्या उभं राहण्यात आहे. रांग दिसत नाही, तरी कुणाच्या आधी कोण आलं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि पुढे घुसलेल्याला मालकीणबाई दिसूनही दिसत नाही. थांबावं लागतं म्हणून शेजारी उभ्या माणसाला काहीतरी बोलावं लागतं. पाऊस, वुल्व्ज हा इथला फुटबॉल संघ हरला, गुडघा. काउंटरला टेकून राहिलेल्या माणसाशी कुणीही बोलावं, त्याची हरकत नसते. भिंतीकडच्या टेबलावर पेपर उघडून बसलेल्याला आज नको असतं, आणि त्याला कुणी छेडत नाही. दोन्हींमध्ये दहा पावलांचं अंतर. माणसाला आज किती माणसं हवीत हे त्यानं तोंडानं न सांगता, नुसतं कुठं बसायचं ते ठरवून सांगावं, अशी सोय मी आणखी कुठल्या जागेत पाहिलेली नाही. देवळात नाही, लग्नात तर नाहीच. आपल्याकडे एकटं बसलेल्या बाईला लगेच कुणीतरी विचारतं, काय झालं गं?

आणि राऊंड. चौघं एकत्र आले की एक जण चौघांचं आणतो, मग दुसरा, मग तिसरा. कुणाचं तरी देणं कायम शिल्लक राहतं, ते फेडायला पुन्हा यावं लागतं. पेन्शनवरच्या म्हाताऱ्यांना हे झेपत नाही, मग ते हुशारीनं एकटे बसून आपला हाफ, म्हणजे अर्धा पाइंट, घेतात आणि गप्पांमध्ये मात्र लांबूनच भाग घेतात. आजोबांचा नेम असा: दुपारी येऊन एक हाफ माइल्ड, ही इथली काळपट, सौम्य बिअर. दोन तास पुरवायची. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्यांचं हे पेय, आणि त्यासोबत खारवलेल्या डुकराच्या कातड्याची कुरकुरीत तळण, घामातलं मीठ भरून काढायला. आता भट्ट्या गेल्या, साखळ्यांचे कारखाने गेले, मीठ तेवढं राहिलं. डॉक्टर ओरडतो तरी राहिलं. आजोबा सांगतात त्यांच्या तरुणपणी दुपारी अडीच-तीनला घंटा व्हायची आणि पब संध्याकाळपर्यंत बंद. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी दुपारी पिऊन झोपू नये म्हणून आणलेला नियम, तो युद्ध संपून सत्तर वर्षं झाली तरी, १९८८पर्यंत, चालूच होता. सरकार कुठलंही असो, तात्पुरता नियम काढायला विसरतं.

आजोबांची बायको गेली तेव्हाचं मालकीणबाईनं मला सांगितलं. गल्लीतून कार्डं आली, फुलं आली, चर्चमधून कुणी आलं. पबमध्ये कुणी एक अक्षर बोललं नाही. फक्त ते आले त्या दिवशी डॉमिनोचं टेबल दारापासून उचलून रेडिएटरजवळ नेऊन ठेवलेलं होतं, आणि चौथी खुर्ची मोकळी. तेव्हापासून ते टेबल तिथेच आहे. मी हे ऐकलं तेव्हा मला आपल्याकडचे दहा दिवस आठवले: माणसांनी भरलेलं घर, कोण काय म्हणालं, कुणाला रडू आलं नाही. तेराव्यानंतर ते घर एकदम रिकामं होतं. कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. दहा दिवस तरी आईला कुणी एकटं सोडलं नव्हतं.

२०१८च्या जानेवारीत ब्रिटननं एकटेपणासाठी मंत्री नेमला. जो कॉक्स नावाच्या तरुण खासदार बाईंनी हा विषय धरला होता. २०१६च्या जूनमध्ये त्यांचा भर रस्त्यात खून झाला, आणि त्यांच्या नावानं जी समिती पुढे चालली तिच्या शिफारशींतून ट्रेसी क्राउच यांच्याकडे ही जबाबदारी आली. मी फोनवर आईला ही बातमी कौतुकानं सांगितली. तिनं विचारलं, "त्या खात्याला पैसा किती?" मला माहीत नव्हतं. "मग मंत्री काय करणार, घरोघर जाऊन बसणार होय?" त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या अभ्यासाचीही चर्चा होती. माणसाला साधारण दीडशेच माणसं सांभाळता येतात, असं सांगणारे हेच ते. २०१६चा त्यांचा निष्कर्ष असा की, ज्यांचा ठरलेला, घराजवळचा पब असतो त्यांना जवळचे मित्र जास्त असतात, आणि शहराच्या मध्यातल्या मोठ्या बारपेक्षा छोट्या जागेत माणसं एकमेकांशी नीट बोलतात. हा अभ्यास करवून घेतला होता कॅमरा या बिअरप्रेमींच्याच संघटनेनं, तेव्हा निष्कर्ष बिअरच्या विरोधात जाणार नव्हता हे उघड आहे. तरी छोट्या जागेचं मला पटतं. आमच्या पबमध्ये तुम्ही कुठंही बसलात तरी कुणाच्या तरी बोलण्याच्या टप्प्यात येता. टाळणं जमत नाही.

आता ज्याबद्दल लिहावं की नाही असा मी बराच विचार केला, ते.

आमच्यापासून बसनं थोड्या अंतरावर स्मेथिक आहे. साठच्या दशकात तिथल्या ओतशाळांमध्ये पंजाबातून आलेली माणसं वितळलेल्या लोखंडाशी काम करायची आणि संध्याकाळी पबमध्ये गेली की त्यांना ठरावीक खोलीच्या पुढे येऊ देत नसत. कुठे आतच घेत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल आणि त्यांचे सोबती एक युक्ती करत. आधी विद्यापीठातली गोरी मुलं आत जात, त्यांना बिअर मिळे. मागोमाग भारतीय जात, त्यांना नाही. मग त्याचा पुरावा करून परवान्याला आव्हान द्यायचं. १२ फेब्रुवारी १९६५ला अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे माल्कम एक्स स्मेथिकला आले, जोहल त्यांना ब्लू गेट्स नावाच्या पबमध्ये घेऊन गेले, आणि जगभर गाजलेल्या त्या माणसालाही तिथल्या आतल्या खोलीत प्यायला मिळालं नाही. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्या वर्षअखेरीला सार्वजनिक जागी असा भेद करणं कायद्यानं बंद झालं. चवदार तळ्याचा धडा शाळेत शिकून आलेल्या मराठी माणसाला यातलं काही नवीन नाही. गावातल्या हॉटेलाबाहेर खिळ्याला अडकवलेली वेगळी कपबशी माझ्या वडिलांनी पाहिलेली होती.

मी आजोबांना विचारलं. एका दुपारी, पब अर्धा रिकामा असताना, अगदी सरळ: तुम्ही तेव्हा जात होतात तिथे आमच्या लोकांना येऊ देत होते का? त्यांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, नाही. मग म्हणाले, आम्ही त्याचा कधी विचारच केला नाही. खोली भरलेली असायची, मजा यायची. मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. खोली भरलेली असायची. ज्या उबेचं मी इथे कौतुक करते आहे ती उब त्या खोलीतही होती, कदाचित जास्तच, कारण दाराबाहेर कुणीतरी उभं होतं. एवढं होऊनही दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीपलीकडून कुकरची शिट्टी मोजून, बागेतल्या कुंपणावरून विचारलं की आज डाळ का. माझा राग तिथे विरला असं नाही. तो आहे, आणि ते टोमॅटोची रोपं आणून देतात तीही मी लावते.

ज्यांना दारातून परत पाठवलं त्यांनी पुढे ती दारंच विकत घेतली, हे इथल्या पंजाब्यांचं मला फार आवडतं. स्मेथिक, वेस्ट ब्रॉमविच भागात आता देशी पब आहेत. काउंटरमागे सरदारजी, नळाला तीच बिअर, आणि लोखंडी तव्यावर चुरचुरत येणारी मिक्स्ड ग्रिल: कोंबडी, सीख कबाब, खाली कांद्याची चरबट चळत. फुटबॉलच्या दिवशी वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचे पिढीजात गोरे समर्थक तिथे रांग लावून पनीर खातात. वेस्ट ब्रॉमविचच्या रेड लायनमध्ये तर चर्चला असतात तशा रंगीत काचा बसवल्यात, त्यांवर पंजाबातून इथे आलेल्यांची गोष्ट. आम्ही मराठी माणसांनी असं काही केलं नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं, त्याची स्वतःची वास्तूही आहे. आमच्या भागातले आम्ही मात्र गणपतीला शाळेचा हॉल भाड्यानं घेतो, दिवाळीला पुन्हा घेतो. व्हॉट्सॲपवर मतदान होतं, डब्यांची यादी होते, कोणाचा मसालेभात आणि कोणाची शेव, मग चार तास घसा बसेपर्यंत बोलतो, आणि सगळं आवरून मार्चपर्यंत अदृश्य होतो. छानच असतं. पण कंटाळलेल्या मंगळवारी तीन वाजता नेसत्या कपड्यानिशी उठून जाता येईल अशी जागा ती नाही. मंडळात मी नसले तर कुणाच्या लक्षात येईल? येईल. सप्टेंबरात.

दारूचं काय, हे मला आई दर फोनला विचारते, आणि मी तिला उडवून लावत नाही. १८८३ साली इंग्लंडला कायदा करावा लागला होता की मजुरी पबमध्ये वाटायची नाही. म्हणजे इथल्या बायकाही कुठल्या तरी गेटवर उभ्या राहतच असणार. आमच्या पबमध्येही एक जण आहे, चाळिशीचा, दुपारपासूनचा. मालकीणबाई त्याला तिसऱ्यानंतर कॉफी देते, तो भांडतो, जातो, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानातून डबे घेऊन घरी जातो. घरी त्याला थांबवायला कुणी नाही. २० मार्च २०२०ला सगळे पब एका संध्याकाळीत बंद झाले, तेव्हा मला वाटलं होतं निदान लोक पिणं तरी कमी करतील. झालं उलटं. निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू ब्रिटनमध्ये २०१९ साली साडेसात हजारांच्या आसपास होते. २०२३मध्ये ते १०,४७३वर गेले. यातून पब चांगला आणि सुपरमार्केट वाईट असं मला सिद्ध करायचं नाही. मामाच्या वेळी त्याच्या ग्लासाकडे पाहणारं कुणी असतं तर तो जगला असता, असं म्हणायचा मोह मला होतो, आणि मग आठवतं की त्याच्याकडे आई पाहत होती, आजी पाहत होती, अख्खी गल्ली पाहत होती. आपल्याकडे गावोगाव बायका सह्या गोळा करून मतदान मागतात, उभी बाटली की आडवी बाटली, आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारून दुकान बंद पाडतात. मी सोलापुरात असते तर मीही आडव्यावरच मारला असता. एकदा नाही, दहादा.

आणि इथे मी पब वाचवायच्या समितीत आहे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला काउंटरवर एक कागद चिकटवलेला दिसला. इमारत ज्या कंपनीची, ती विकायला काढतेय. मालकीणबाई मालकीण नव्हतीच, भाडेकरू होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. या देशात २००० साली ६०,०००हून जास्त पब होते, आता ४५,०००च्या आसपास उरलेत. बंद झालेल्या इमारतींचे फ्लॅट होतात, दुकानं होतात, नाहीतर त्या नुसत्या उभ्या राहतात. आमच्याजवळच हिमलीत क्रुकेड हाउस होतं. खालच्या कोळशाच्या खाणींमुळे एका बाजूनं खचलेलं, टेबलावर गोटी ठेवली तर ती वर चढतेय असं वाटायचं. २०२३च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली आणि दोन दिवसांत बुलडोझर फिरला. विकलं जाऊन थोडेच दिवस झाले होते. लोक तिथे जाऊन रडले. पुढे पालिकेनं जसंच्या तसं पुन्हा बांधण्याचा हुकूम काढला, पण तिथली गिऱ्हाइकं हुकुमानं परत थोडीच येतात.

मग आजोबांच्या डॉमिनो टेबलावर बैठका सुरू झाल्या. २०११च्या एका कायद्यानं अशी वास्तू समाजाच्या मोलाची म्हणून पालिकेकडे नोंदवता येते, आणि मग ती विकायची झाली तर सहा महिने थांबून स्थानिकांना पैसे उभे करायला वेळ द्यावा लागतो. लंडनच्या नन्हेडमधल्या आयव्ही हाउस या पबची नोंद देशात पहिली झाली आणि २०१३मध्ये लोकांनी ते विकत घेतलं. ब्रायटनच्या टोकाच्या सरकारी घरांच्या वस्तीत बेव्ही नावाचा पब आहे. भांडणं आणि मारामाऱ्यांनी इतका बदनाम की पोलिसांनी बंद करायला लावला. वस्तीतल्या लोकांनी भाग विकून तो २०१४च्या डिसेंबरात पुन्हा उघडला. तिथे आता म्हाताऱ्यांची शुक्रवारची जेवणं होतात. एका भागधारकाला एक मत, पैसे कितीही घाला. साखर कारखाना आणि पतपेढीच्या मुलखातून आलेल्या मला हे सगळं ऐकल्याबरोबर ओळखीचं वाटलं, आणि सहकार म्हटल्यावर पुढे काय काय होऊ शकतं तेही एकदम आठवलं. मी हिशेब तपासायचं काम मागून घेतलं.

बैठका बघण्यासारख्या असतात. बिअरवर कुणाचा वाद नाही. वाद होतो तो चहा किती वाजेपर्यंत द्यावा, कुत्र्यांना आतल्या खोलीत येऊ द्यावं का, शुक्रवारी करी ठेवली तर वासाचं काय यावर. करीला विरोध करणाऱ्यांत आजोबा पुढे होते. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा म्हणाले, तुझी चालेल, बाहेरची नको. शेकोटी ठेवायची यावर मात्र सगळे एक. गालिच्यावर उभी फूट आहे. नव्यानं राहायला आलेली तरुण जोडपी म्हणतात उपटून काढा, खाली चांगलं लाकूड आहे. जुने म्हणतात गालिचा गेला तर इथे येण्यात अर्थ काय. मालकीणबाई, जी आता आमची पगारी व्यवस्थापक व्हायची आहे, म्हणते की तो धुवायला तिला एकटीलाच लागतो तेव्हा तिला विचारा. तिला कुणी विचारत नाही. तिकडे सहा महिन्यांतले बरेचसे संपलेत, रक्कम अजून पुरी नाही. नवरा म्हणतो पैसे विहिरीत टाकतेयस. असेलही.

आईला मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. हल्ली तिच्या इमारतीत लिफ्ट आहे, दाराला जाळी आहे, खाली रखवालदार आहे. वाड्यातल्या तिच्या शेजारणी आता तीन वेगवेगळ्या पेठांत, आणि गुडघ्यांमुळे भजनी मंडळ सुटलं. "म्हणजे आता तुझाच गुत्ता झाला म्हण की," ती म्हणाली. मी हसले, ती हसली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, तुझ्या बाबांनी ठेवलेल्या पैशातला एक रुपया त्यात घालायचा नाही. मी म्हटलं, नाही घातला, माझ्या पगारातले घातले. "नफा किती देणार?" काही वर्षं तरी काही नाही. तिनं हे मनात कुठल्या खात्यावर मांडलं कोण जाणे. मग तिनं बारीकसारीक विचारायला सुरुवात केली. संडास स्वच्छ असतो का. बायका किती येतात. ती विणणारी बाई काय विणते. हिवाळ्यात शेकोटीला लाकूड की कोळसा. मी गालिच्याचं सांगितलं, त्याचा वासही सांगितला, न धुता येणारे डाग सांगितले.

"पैसे घातलेच आहेस," आई म्हणाली, "तर आधी तो गालिचा काढायला लाव."

गालिच्यावर मतदान पुढच्या महिन्यात आहे. दोन्हीकडची मोजदाद करून पाहिली, सध्या तरी जुन्यांचं पारडं जड दिसतंय.